नाना, तुमची वही अजून कोरडी आहे

वाचकहो, ज्या माणसाने आयुष्यभर आपल्या पोरांच्या तोंडात परक्यांची भाषा नीट बसवली, त्याला तुम्ही काय म्हणाल? साहेबाचा पोपट म्हणाल? तसे म्हणणार असाल तर तुमच्या आधी मी ते म्हणून बसलो आहे, तेही छापून, आणि दशाश्वमेध घाटावर स्वतःच्या हाताने वाटून. तेव्हा उत्तराची घाई करू नका. आधी मला त्या माणसाशी थोडे बोलू द्या.

नाना, परवा तुमचा तेरावा झाला. पाने उठली, मंडळी पांगली, आणि तुमच्या थोरल्या बंधूंनी, अण्णांनी, तुमच्या फडताळातून ती वही बाहेर काढली. लाल कापडात बांधलेली, पोथी बांधावी तशी. दीडशेच्या वर पाने आहेत तिच्यात. पानोपानी तुमच्या बोरूने लिहिलेले लांबलचक इंग्रजी शब्द, देवनागरीत, तुकडे तुकडे केलेले, आणि त्या तुकड्यांच्या वर-खाली ऋग्वेदाच्या पोथीत असतात तशा तांबड्या रेघा. अण्णांनी ती दोन्ही हातांत धरली. पूजेची वस्तू धरावी तशी धरली की विटाळाची, ते मला कळले नाही. त्यांनाही कळत नसावे. मग ते म्हणाले की मासिक श्राद्धाच्या दिवशी ही गंगेत सोडायची. घरात ठेवता येत नाही, कारण आत शब्द म्लेच्छांचे. जाळता येत नाही, कारण खुणा वेदाच्या. आपल्याकडे जीर्ण पोथीला जी वाट, तीच हिला.

मी भांडलो, हे तुम्हाला सांगायला नको. अण्णांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले की रघुनाथ, तेराव्याच्या दिवशी घरात आवाज चढवू नये. मी घरी आलो आणि तुमच्याशी बोलायला बसलो. वही वाचवायला हवी, नाना. पण ती का वाचवायची हे अण्णांना सांगायचे तर आधी मला स्वतःला नीट सांगता आले पाहिजे, आणि तुमच्या हयातीत मी ते एकदाही सांगितले नाही.

तुमचे घर आणि आमचे घर यांच्यामध्ये एकच भिंत. माझे वडील वैदिक, तुम्ही वैदिक. मला आठव्या वर्षी वेदपाठाची संथा सुरू झाली आणि अकराव्या वर्षी मी ती सोडली, कारण तोवर माझ्या हाती पत्रके पडू लागली होती. कुणी पुण्याहून यात्रेला आला की त्याच्या वळकटीत एखादे असायचे. घडीवर फाटलेले, शाई फुटलेले ते कागद मी गच्चीवर जाऊन वाचायचो आणि खाली येईपर्यंत माझे कान गरम झालेले असायचे. परकी भाषा, परके कापड, परकी नोकरी, सगळे एका ढिगात घालून पेटवावे असे वाटायचे. आणि भिंतीपलीकडून तुमचा आवाज यायचा. ऋचा म्हणावी त्या ठेक्यात तुम्ही म्हणत असायचात, स्पॉन्-सि, सि-स्पॉन्, स्पॉन्-सि. सि-बि, बि-सि, सि-बि. वेदाचा जटापाठ, पुढे, मागे, पुन्हा पुढे. फक्त वेद नव्हता, ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ होती.

हे कसे घडले ते तुम्ही मला फार उशिरा सांगितलेत. तुमच्या तरुणपणी एका साहेबाला वेदपठण शिकायची हौस होती आणि कुणी भट त्याच्या बंगल्यावर जायला तयार नव्हता. तुम्ही गेलात. त्याला स्वर जमेना. बदल्यात तुम्ही त्याची भाषा शिकत होता, आणि तुम्हाला तिचा जोर जमेना. प्रत्येक अक्षराला सारखा मान देऊन तुम्ही बोलायचात आणि तो कानाला हात लावून बसायचा. मग एके दिवशी तुमच्या ध्यानात आले की दोघांची अडचण एकच आहे. त्याच्या लांब शब्दात एक अक्षर उंच असते आणि बाकीची खाली बसतात. आपल्या पदपाठात शब्द फोडतात तसा तुम्ही त्याचा शब्द फोडलात, खाली बसणाऱ्या अक्षरांखाली आडवी रेघ मारलीत, आणि तुमची जीभ सुटली. बंगल्यावरून येताना तुम्ही रोज गंगेत बुडी मारून ओल्या पंच्यानेच घरात यायचात, तरी व्हायचे ते झालेच. वसंतपूजेला वैदिकांची पंगत बसते, मंत्रघोष होतो, त्या पंगतीत तुमचा पाट मांडणे बंद झाले. तुम्ही कधी तक्रार केली नाहीत. पंगतीतल्याच घरांची पोरे पुढच्या वर्षीपासून सकाळी तुमच्याकडे इंग्रजी शिकायला येऊ लागली, आणि त्यांच्या बापांनी ती कुठे जातात हे कधी विचारले नाही.

तुमचा वर्ग मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर भरायचा. सरजू नावाडी खाली आपल्या नावेतले पाणी उपसत असायचा. एकदा त्याने वर बघून विचारले होते, “ई कौन बेद हौ, गुरू?” आणि तुम्ही मान न हलवता सांगितलेत, “म्युनिसिपालिटी का.” सरजूने हात जोडले. तुम्हीही हसला नाहीत. पोरे मात्र त्या दिवशी पुढचा शब्द म्हणू शकली नाहीत.

मी तेव्हा विशीत होतो. विलायती कापडाची होळी करून आलो होतो, खादी अंगाला टोचत होती आणि तिचा अभिमान वाटत होता. मॅट्रिकच्या आधीच शाळा सोडली होती. तेव्हा मी ते पत्रक लिहिले. त्यात तुमचे नाव नव्हते, पण मुन्शी घाट होता आणि ‘वेदाच्या खुणा साहेबाच्या जिभेला विकणारा पोपट’ होता. काशीतल्या मराठी माणसाला याहून जास्त पत्ता लागत नाही. एक प्रत मी तुमच्या हातात दिली. मला वाटले होते तुम्ही फाडाल. तुम्ही उभ्या उभ्या पूर्ण वाचलीत, घडी घातलीत, कनवटीला लावलीत आणि विचारलेत, “छापखाना कुठला रे? शाई चांगली आहे.”

त्यानंतर आठ महिने मी तुमच्या दारावरून मान वळवून जात होतो. तुम्ही मात्र हाक मारायचात. “काय रघू, नवीन काही छापलंस?” मला तो टोमणा वाटायचा. आज वाटते, तुम्हाला खरेच वाचायचे होते.

मग घाटावरच्या होड्यांबद्दल हुकूम आला. कुणी बडा पाहुणा नदीतून घाट बघायला यायचा होता, तर मुन्शी घाटाला बांधलेल्या सगळ्या नावा हलवायच्या, कायमच्या, म्हणजे घाट कसा स्वच्छ दिसेल. सरजू आणि त्याचे भाऊबंद रडवेले होऊन माझ्याकडे आले, कारण मी ‘लिखनेवाला भइया’. सुनावणी कचेरीतल्या साहेबापुढे, इंग्रजीत. वकील पाहण्याइतका वेळ नव्हता आणि मी म्हणालो, मी बोलतो. इंग्रजी वाचायला मला येत होते. पत्रकांच्या सवयीने मी भाषण लिहिले तेही भरगच्च लिहिले, एकेक शब्द नावेएवढा लांब. पण ते मोठ्याने बोलायची मला कधी सवय नव्हती. तुमच्याकडे यावे, तर तोंड कुठले? म्हणून मी तुमच्या एका विद्यार्थ्याकडून वहीची काही पाने उतरवून घेतली आणि सरजूच्या नावेत बसून, रामनगरच्या वाटेवर, ऐन पात्रात, कुणी ऐकणार नाही अशा जागी घोकू लागलो.

तीन वर्षे संथा घेतलेला मुलगा मी. खुणा मला ओळखीच्या होत्या. आपल्या पाठात अक्षराखाली आडवी रेघ असली की आवाज उतरतो, अक्षरावर उभी रेघ असली की चढतो, हे वैदिकाच्या घरातल्या पोराला पाळण्यातच कळते. मी तसेच वाचले. जिथे उभी रेघ तिथे जोर दिला, पोटातून दिला. चार दिवस दिला. पाचव्या दिवशी सरजूने वल्ही न थांबवता विचारले, “भइया, ई पंडितजीवाला मंतर हौ न?”

मी म्हटले, हो.

“त सुर काहे बिगाड़त हउवा? पंडितजी जहाँ चढ़ेलन, तू ओकरे एक सीढ़ी बाद चढ़त हउवा.”

नाना, ज्या माणसाला इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते, त्याने मला सांगितले की तुम्ही जिथे चढता त्याच्या एक पायरी नंतर मी चढतो आहे. वर्षानुवर्षे खाली नाव उपसताना त्याने तुमचा वर्ग ऐकला होता. मी भिंतीपलीकडून ऐकला होता, आणि मला ऐकू आला नव्हता, कारण मी कान रागाने भरून ठेवले होते.

त्याच दुपारी मी तुमच्याकडे आलो. तुम्ही सुपारी कातरत होता. मी पाने पुढे ठेवली आणि ‘ॲप्लिकेशन’ म्हणून दाखवले, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन. अडकित्ता थांबला. तुम्ही पोट धरून हसाल असे मला वाटले होते, पण तुमचा चेहरा एखादी जुनी ओळख पटावी तसा झाला.

“अरे, ही चूक फक्त आपल्यातच होऊ शकते,” तुम्ही म्हणालात. “दुसऱ्या कुणाला उभी रेघ उंच वाटणारच नाही.”

मग तुम्ही समजावलेत. पाठात उभ्या रेघेचे अक्षर उंच ऐकू येते हे खरे, पण मूळची उंची त्याच्या अलीकडच्या अक्षराची असते, आणि त्याला पोथीत खूणच नसते. अलीकडच्याला खाली रेघ, पलीकडच्याला वर रेघ, आणि ज्याच्यावर सगळा भार ते मध्ये उघडे. मला ते पटेना. मी तावातावाने म्हणालो की हा द्राविडी प्राणायाम कशाला, ज्या अक्षरावर जोर द्यायचा त्याच्यावरच सरळ एक टिंब द्या, म्हणजे गाढवालाही कळेल.

“जोर कुठं द्यायचा हे आपल्या पोरांना सांगावं लागत नाही रे,” तुम्ही म्हणालात. “ती सगळीकडेच देतात. कुठं सोडायचा हे सांगावं लागतं.”

आणि मग तेव्हा कनवटीला लावलेले माझे पत्रक फडताळातून काढून माझ्यासमोर ठेवलेत. घड्या मऊ झाल्या होत्या. अनेकदा उघडले असावे.

“हे वाचलं मी. चांगलं लिहितोस. पण सगळ्या अक्षरांवर जोर आहे, रघू. म्हणून कुठलंच ऐकू येत नाही.”

मला पोपट म्हटल्याचा राग तुम्हाला आला होता का, हे तेव्हा विचारायला हवे होते. मी विचारले नाही. चुकलो असेही म्हटले नाही. तुम्ही बोरू उचललात आणि माझ्या भाषणातल्या शब्दांखाली रेघा मारू लागलात. आधी अक्षरांखाली, मग पुऱ्या शब्दांखाली, शेवटी अख्ख्या वाक्यांखाली. निम्मे भाषण खाली बसले. जे उघडे राहिले ते सरजूचे म्हणणे होते. आम्ही इथे पिढ्यान्‌पिढ्या नावा बांधतो, आमची घरे याच पायऱ्यांवर आहेत, पाहुणा एका सकाळी जाईल, आम्ही उद्याही इथेच असू.

सुनावणीच्या दिवशी तुम्ही रामनगरला शिकवणीला गेला होतात. मी उभा राहिलो. ‘म्युनिसिपॅलिटी’ आली, तिच्या चार पायऱ्या मी धाप न लागता चढलो आणि उरलेल्या दोन हळूच उतरलो. साहेबाने मला ‘पुन्हा बोल’ असे सांगितले नाही, कारकुनाकडे बघून भुवया उंचावल्या नाहीत. त्याने एक प्रश्न विचारला, तो मला समजला, आणि माझे उत्तर त्याला समजले. एवढ्याने राज्य जात नाही. पण हुकूम बदलला. नावा त्या एका सकाळपुरत्या हलल्या आणि दुपारी सरजू पुन्हा मुन्शी घाटाला आपली दोरी बांधत होता. सुनावणीच्या संध्याकाळी तुम्ही परतताच मी धावत तुम्हाला सांगायला आलो होतो, तर तुम्ही विचारलेत, “‘इन्कन्व्हीनियन्स’मधला व्ही लांबवलास का?” मी म्हटले, लांबवला. मग तुम्ही मला पेढा दिलात.

माझे मत तरी बदलले नाही, नाना. हे राज्य जावे, आणि त्याची भाषा आमच्या मानेवरून उतरावी, असे मला आजही वाटते. यावर आपण शेवटपर्यंत भांडलो. मी म्हणायचो, स्वराज्य आल्यावर तुमची वही कोण उघडेल? तुम्ही म्हणायचात, तेव्हाही कुणीतरी लांब शब्दांचा कागद घेऊन सरजूच्या दारात येईलच. तो कागद त्याच्या बाजूच्या माणसाला खणखणीत वाचता यायला नको? मी म्हणायचो, तोवर कागदच मराठीत आणि हिंदीत असतील. तुम्ही म्हणायचात, “असू देत की. शब्द लांबच असतील.” या भांडणाचा निकाल लागला नाही. लागू नये असेच मला वाटायचे, कारण ते चालू होते तोवर दुपारचा चहा होता.

आषाढात तुम्हाला ताप आला. मी नवे पत्रक लिहिले होते, अगदी मराठीतले, ते तुम्हाला वाचून दाखवले. तुम्ही डोळे मिटून पडला होता. तुमचा हात पांघरुणावर होता आणि मी वाचत असताना तुमची तर्जनी मधूनमधून खाली जात होती. जिथे ती खाली गेली तिथे मी नंतर काट मारली. ते पत्रक लोकांनी उभ्याने वाचले नाही, घरी नेले. हेही तुम्हाला सांगायचे राहून गेले. आणि हे राहिले की पोपट मी होतो. पुण्याहून आलेले शब्द मी जसेच्या तसे बोलत होतो. तुम्ही परक्याचे शब्द घेऊन ते आपल्या पद्धतीने फोडलेत, आपल्या रेघांनी बांधलेत, आपल्या पायऱ्यांवर बसून शिकवलेत. जे छापून म्हटले ते छापूनच मागे घ्यावे लागते. हे घ्या, घेतले.

आता कालचे सांगतो. मी पुन्हा अण्णांकडे गेलो. या वेळी आवाज चढवला नाही. म्हटले, वही एकदा तुम्ही उघडून तर बघा. अण्णा इंग्रजी जाणत नाहीत, पण त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून रेघांवरून बोट फिरवू लागले. मी बसून राहिलो. उन्हे अंगणातून वर गेली. बायकांनी दोनदा जेवायला बोलावले, त्यांनी हातानेच थांबवले. सत्तरी उलटलेल्या त्या घनपाठी माणसाने धाकट्या भावाच्या वहीतले एकेक पान पोथीसारखे तपासले. मग वही मिटून त्यांनी चष्मा काढला.

“कुठंही खूण चुकलेली नाही,” ते म्हणाले. “एकही नाही.”

तुम्ही हे ऐकायला हवे होते. वैदिक याहून मोठी पदवी देत नाही. पाट मांडायचा बंद झाल्यापासून तुम्ही तिची वाट बघत होता, असा माझा समज आहे. तुम्ही ते कधी कबूल केले नसते.

मी लगेच म्हटले की मग वही ठेवा. अण्णांनी मान हलवली. कागद ठेवून काय होते, असे त्यांनी विचारले. आपल्याकडे विद्या कंठात असते. पोथी विसराळू माणसासाठी. “तुझ्या कंठात किती आहे यातली?” मी खरे सांगितले की साठ-सत्तर शब्द. “आणि बाकी?” बाकी तुमच्या विद्यार्थ्यांत विखुरलेली. कुणी आग्र्याला, कुणी कचेरीत, कुणी कुठे. अण्णांनी वही पुन्हा लाल कापडात बांधली. मग म्हणाले की मासिक श्राद्धाला नाही सोडत. पितृपक्षापर्यंत थांबतो. तोवर वही माणसांत गेली तर कागद सुखाने गंगेत जाईल, आणि त्या दिवशी आपण त्याचेही तर्पण करू. नाही गेली, तरी जाईलच.

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांचे म्हणणे तुमच्याच घरातले आहे. वही मरू नये एवढेच मला हवे आहे, आणि ती कशी जगेल हे अण्णांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे. आता मी शांत आहे, नाना. करण्यासारखे काम समोर असले की मला बरे वाटते.

तर वाचकहो, तुम्हाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला तोंडी नको. पितृपक्षाला अजून महिनाभर आहे. सकाळी मुन्शी घाटावर नानांच्या घरी या, येताना कागद आणि दौत आणा. एक पान उतरवून घ्या, आणि जाण्यापूर्वी ते पान अण्णांच्या समोर बसून म्हणून दाखवा. ते चूक काढतील, आणि त्यांना आवडेल. तुम्ही नानांचे विद्यार्थी असाल तर तुमच्याकडचे शब्द दुसऱ्या कुणाला शिकवून या. आणि ज्यांना इंग्रजीचा माझ्याइतकाच तिटकारा आहे, त्यांनी सर्वांत आधी यावे. पाने दीडशेच्या वर आहेत. अण्णांकडून आजपर्यंत उतरवून नेलेले पान एकच आहे, ते मी घेतले आहे. दुसरे तुम्ही घ्या.